बेरीज-वजाबाकी : घरातली आणि वहीतली

कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत भाजी-फळे विकणाऱ्या मुलांकडे काही संशोधक ग्राहक म्हणून गेले. दोन वेगवेगळे जिन्नस त्यांनी मुद्दाम अडनिड्या वजनात मागितले, मोठी नोट पुढे केली आणि उरलेले पैसे परत मागितले. मुलांनी कागद-पेन्सिलीला हात न लावता चोख हिशेब केला. याच मुलांपुढे शाळेच्या पद्धतीने कागदावर दोन अंकी वजाबाकी आणि भागाकाराची उदाहरणे ठेवली, तेव्हा मात्र त्यांतील पुष्कळजण अडखळले. जवळच्या शाळांतील मुलांची गत नेमकी उलटी झाली. त्यांना कागदावरची उदाहरणे बरीच बरी जमली, पण बाजारातला हिशेब समोर येताच त्यांची गाडी रुतली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात बाजारात काम करणारी चौदाशेहून अधिक आणि शाळेत जाणारी पावणेपाचशेच्या आसपास मुले होती.

चाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमध्येही असेच दिसले होते. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि तत्सम किरकोळ माल विकणाऱ्या, ९ ते १५ वर्षे वयाच्या पाच मुलांचा अभ्यास टेरेझिन्हा नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी १९८५ मध्ये मांडला. विक्री चालू असताना विचारलेल्या प्रश्नांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्यावर हे प्रमाण ७४ टक्क्यांवर आले, आणि नुसते आकडे मांडून दिल्यावर ३७ टक्क्यांवर. बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ क्रुझेरोंना एक याप्रमाणे चार नारळांची किंमत तोंडी काढली ती अशी : तिनांचे १०५, त्यात ३० मिळवले की १३५, आणखी ५ म्हणजे १४०. हाच गुणाकार ३५ × ४ असा कागदावर आला तेव्हा त्याने चार पंचे वीस म्हटले, हातचे दोन घेतले, ते आधीच तिनात मिळवून पाच केले, पाच चोक वीस म्हटले आणि उत्तर लिहिले २००. चार नारळांचे दोनशे तो गिऱ्हाइकाकडे मागायला कधी धजावला नसता. कागदावर मात्र त्या संख्येत त्याला काही वावगे दिसले नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांतील मुले बहुतांशी यातल्या दुसऱ्या गटात मोडतात. शनिवारी सकाळी शिकवणीला जाऊन बेरजांची पानेच्या पाने सोडवणारा सहा वर्षांचा मुलगा ८ + ७ चे उत्तर क्षणात देतो. पण घरी आठ माणसे जेवायला असताना वाट्या पाचच निघाल्या, तर आणखी किती हव्यात, या प्रश्नाला तो गोंधळतो. ‘रोजच्या व्यवहारातून गणित शिकवा’ हा सल्ला त्यामुळे सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा नाही. मात्र वरील दोन्ही अभ्यास पाहता तो अर्धाच आहे. व्यवहारातले गणित आपोआप वहीत उतरत नाही, आणि वहीतले आपोआप व्यवहारात येत नाही. एकातून दुसऱ्यात नेणारे कोणीतरी असावे लागते. चार ते सात या वयात ते काम घरातल्या माणसाला सर्वांत सहज करता येते.

पण त्याआधी थोडे मोजण्याविषयी. मूल एक ते वीस घडाघडा म्हणते याचा अर्थ त्याला वीसपर्यंत मोजता येते असा होत नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीमागची तत्त्वे उलगडून दाखवली. प्रत्येक वस्तूला एकच संख्या द्यायची, संख्यांचा क्रम बदलायचा नाही, आणि शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजेच सगळ्यांची एकूण संख्या. तिसरी गोष्ट मोठ्यांना इतकी उघड वाटते की ती शिकावी लागते हेच आपण विसरतो. ताटलीतल्या सहा द्राक्षांवर बोट ठेवत मूल ‘सहा’पर्यंत येते. ‘मग एकूण किती?’ असे विचारले की ते पुन्हा पहिल्या द्राक्षापासून सुरू करते. हे मूल अजून बेरजेच्या दारात आलेले नाही. त्याला बेरीज शिकवू नये, त्याच्याबरोबर मोजावे.

दारात आलेल्या मुलाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. ४ आणि ३ यांची बेरीज ते आधी सगळे मोजून करते : एक, दोन, तीन, चार, मग पाच, सहा, सात. काही महिन्यांनी ते चारपासून पुढे मोजू लागते : चार… पाच, सहा, सात. पुढे मोठी संख्या आधी धरायची युक्ती त्याची त्यालाच सापडते, आणि मग काही बेरजा पाठच होऊन जातात. बोटे वापरणे हा या प्रवासातला टप्पा आहे. बोटे मोजणाऱ्या मुलीकडे चिंतेने पाहणारे कित्येक अभियंते वडील आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत भेटतात. त्यांच्या आजी पेरांवर जप मोजत असत आणि हिशेबाला पक्क्या असत, हे त्यांना सांगावेसे वाटते. शाळांची अपेक्षाही ते समजतात तेवढी घाईची नसते. इंग्लंडमध्ये रिसेप्शनच्या वर्षाअखेरीस पाचपर्यंतच्या जोड्या आणि दहापर्यंतच्या काही जोड्या मुलाला चटकन आठवाव्यात, एवढेच अपेक्षित आहे. अमेरिकेतील ज्या राज्यांनी कॉमन कोअर स्वीकारले, तिथे किंडरगार्टनमध्ये दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी समजावी आणि पाचपर्यंतची सफाईने यावी, असे म्हटले आहे.

ताट काय शिकवते

रविवारी पाहुणे यायचे आहेत. ‘आपण चौघे. मामा, मामी आणि ताई येणार आहेत. ताटे मांडशील?’ एवढेच सांगून आईने आपल्या कामाला लागावे. मूल चार ताटे आणते, पुन्हा जाऊन तीन आणते. मध्येच फोन येतो की मामींना काम निघाले, त्या येत नाहीत. एक ताट परत जाते. या सगळ्यात कोणीही ‘बेरीज कर’ किंवा ‘वजाबाकी कर’ असे म्हटलेले नाही. मुलाची चूक झाली तर ती आई सांगत नाही, ताट सांगते. जेवायला बसल्यावर ताईपुढे ताट नसते, किंवा एक ताट कोणाचेच नसते. उत्तर बरोबर की चूक याचा निवाडा मोठ्यांच्या चेहऱ्यावरून न होता प्रसंगातूनच होतो. प्रसंगातून शिकवण्याचे खरे बळ यात आहे.

म्हणूनच गाडीतून जाताना ‘तुझ्याकडे पाच सफरचंदे आहेत, मी दोन घेतली, किती राहिली?’ असे विचारणे म्हणजे व्यवहारातून शिकवणे नव्हे. तो तोंडी केलेला वहीचाच प्रश्न आहे. सफरचंदे नाहीत, कोणी ती घेतलेली नाहीत, आणि उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे हे मुलालाही कळते. असे प्रश्न विचारू नयेत असे मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासात वेळ बरा जातो.

खरा प्रसंग शोधायला दूर जावे लागत नाही. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉइडेंथाल यांच्या प्रभावाखाली उभ्या राहिलेल्या गणितशिक्षणाच्या धारेने पहिलीच्या मुलांसाठी चक्क बस निवडली. बसमध्ये पाच माणसे आहेत, थांब्यावर तीन चढली, पुढच्या थांब्यावर दोन उतरली. बसला चढणे-उतरणे असते, म्हणून बेरीज आणि वजाबाकी एकाच गोष्टीची दोन अंगे म्हणून समोर येतात. मुलांनी हे बाणांनी लिहायचे : पाच, वर ‘+३’ लिहिलेला बाण, आठ, मग ‘−२’ लिहिलेला बाण, सहा. लंडनच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसणे हा मुलांचा हक्कच असतो. तिथून जिन्याने चढणारे-उतरणारे मोजता येतात. इमारतीची लिफ्टही कामाची आहे. ती संख्यारेषाच आहे, फक्त उभी. चौथ्या मजल्यावरून पहिल्यावर यायला किती मजले उतरावे लागले, हे मूल बटणांकडे पाहून मोजते. ब्रिटनमध्ये तळमजल्याला शून्य मानून वर मोजतात, अमेरिकेत तळमजलाच पहिला असतो. सुट्टीत एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या मुलांचा इथे जो गोंधळ उडतो, तो गोंधळ नसून चांगला प्रश्न असतो.

‘कितीने’ या शब्दाचे अवघडपण

बेरजेपेक्षा वजाबाकी मुलांना जड जाते, आणि त्यात भाषेचा मोठा वाटा आहे. आपला शब्दच पाहा. ‘वजा’ म्हणजे कमी केलेले, ‘बाकी’ म्हणजे उरलेले. दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या हिशेबाच्या दप्तरात आले. त्यामुळे वजाबाकी म्हणजे काढून घेणे, हे चित्र मनात पक्के बसते. पण ८ − ५ हीच क्रिया तीन निरनिराळ्या प्रसंगांतून येते. आठ लाडवांतले पाच संपले, किती उरले? पाच वाट्या आहेत, आठ हव्यात, आणखी किती आणू? ताईकडे आठ गोट्या आहेत, माझ्याकडे पाच, तिच्याकडे कितीने जास्त? पहिल्यात काहीतरी निघून जाते. दुसऱ्यात उलट भर पडते. तिसऱ्यात काहीच हलत नाही, फक्त दोन ढीग शेजारी ठेवायचे असतात. काढून घेणे एवढेच शिकलेले मूल तिसऱ्या प्रश्नापुढे थांबते, कारण ताईच्या गोट्या कोणी काढून घेतलेल्याच नाहीत.

टॉम हडसन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग इथे फार उपयोगी आहे. मुलांना एक चित्र दाखवले. त्यात काही पक्षी होते आणि त्यांच्याहून कमी अळ्या होत्या. अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त आहेत असे विचारले तेव्हा किंडरगार्टनमधल्या साधारण चारांपैकी एकाच मुलाला उत्तर देता आले. मग प्रश्न बदलला. प्रत्येक पक्ष्याने एक एक अळी पकडली, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? आता जवळपास सगळ्यांनी बरोबर उत्तर दिले. चित्र तेच होते, संख्या त्याच होत्या. मुलांना फरक काढता येत होता, प्रश्नाची भाषा कळत नव्हती.

मराठीत हा सगळा भार ‘ने’ या एका अक्षरावर आहे. ‘किती जास्त’ आणि ‘कितीने जास्त’ यांतला फरक लहान मुलाच्या कानाला जाणवत नाही, आणि दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाला तर मुळीच नाही. ते ‘जास्त कोणाकडे, आणि तिच्याकडे किती’ असाच अर्थ घेते आणि ‘आठ’ असे उत्तर देते. यावर उपाय हडसन यांच्या प्रयोगातच आहे. खिरीसाठी आठ वाट्या आणि पाच चमचे समोर ठेवावेत. प्रत्येक वाटीत एक चमचा ठेवू द्यावा. ‘किती वाट्यांना चमचा मिळाला नाही?’ ‘तीन.’ मग त्याच दमात आपण म्हणावे, ‘म्हणजे चमच्यांपेक्षा वाट्या तीनने जास्त आहेत.’ एकदा म्हणून भागत नाही. मोजे आणि पाय, मुले आणि फुगे, पोळ्या आणि माणसे, असे महिनाभर चालू ठेवावे लागते.

दुसरा प्रकार, म्हणजे आणखी किती हवे, हा दुकानदारांचा आवडता. जुने वाणी सुटे पैसे परत देताना वजाबाकी करत नसत. सदतीस रुपयांच्या मालाला पन्नासची नोट दिली की ते ‘सदतीस’ म्हणून तीन रुपये हातावर ठेवत, ‘चाळीस’ म्हणत, मग दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. हातावर आलेले तेरा रुपये त्यांनी कधी मोजलेलेच नसत. वजाबाकी करायची ती पुढे मोजून, हा धडा मुलाला लवकर मिळाला तर पुढे ‘हातचा घेण्या’ची धास्ती बरीच कमी होते. अडचण अशी की आता दुकानात कार्ड टेकवले जाते आणि एक ‘बीप’ ऐकू येतो. खरेदीतली वजाबाकी मुलाच्या नजरेआड गेली आहे. आठवड्यातून एकदा बेकरीत किंवा जत्रेच्या ठेल्यावर रोख पैसे द्यावेत ते यासाठी.

मात्र पैशांपासून सुरुवात करू नये. नाणे ही मोजायची वस्तू नाही. ते संख्येचे चिन्ह आहे. ब्रिटनमधले पाच पेन्सचे नाणे दोन पेन्सच्या तांबूस नाण्यापेक्षा बरेच लहान आहे. अमेरिकेत दहा सेंटचे डाइम पाच सेंटच्या निकलहून लहान. चार वर्षांच्या मुलासाठी मोठे नाणे म्हणजे जास्त पैसे, आणि तीन नाणी म्हणजे दोन नाण्यांपेक्षा जास्त पैसे. शेंगदाणे, बटणे, चमचे यांवर हात बसल्यानंतर, साधारण सहाव्या-सातव्या वर्षी नाणी आणावीत. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातही नाण्यांच्या जुळण्या आणि सुटे पैसे परत देणे दुसऱ्या इयत्तेत येते.

आज धरून की आज सोडून

गणपतीला किती दिवस राहिले, हा प्रश्न परदेशातल्या घरांत महिनाभर आधीच सुरू होतो. कॅलेंडरवर बोट ठेवून मूल आजपासून मोजते आणि एक दिवस जास्त सांगते. आजी व्हिडिओ कॉलवरून विचारते, ‘आज धरून की आज सोडून?’ या चार-पाच शब्दांत गणिताची एक चिवट चूक पकडलेली आहे. पाचपासून तीन पुढे मोजताना ‘पाच, सहा, सात’ असे म्हणून सातवर थांबणारे मूल तीच चूक करत असते. सापशिडीत उभ्या असलेल्या घरालाच ‘एक’ म्हणणारेही तेच.

सापशिडीचा विषय निघालाच आहे म्हणून. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अशी सरळ रेषेतली घरे असलेला खेळ दिला. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे चारच डाव झाले, आणि त्यांची संख्यांची जाण स्पष्टपणे सुधारली. आकड्यांऐवजी रंगांची घरे असलेला खेळ खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. पुढच्या कामातून असेही दिसले की सोंगटी सरकवताना ‘एक, दोन’ म्हणण्यापेक्षा घरावरचा आकडा, म्हणजे ‘सहा, सात’, म्हटल्याने लाभ होतो. सापशिडीच्या पटावर ओळी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट वळतात, त्यामुळे अगदी लहानांसाठी तो पट सोयीचा नाही. अंगणात खडूने काढलेली दहा घरे बरी.

आता मराठी संख्यांविषयी, कारण परदेशात हा प्रश्न घरोघरी आहे. शाळेत मूल ‘ट्वेंटी-फाइव्ह’ शिकते : आधी वीस, मग पाच. घरी ‘पंचवीस’ : आधी पाच, मग वीस. ऐकून ५२ लिहिणे हा त्याचा दोष नव्हे. जर्मन मुलेही हेच करतात, त्यांच्याही भाषेत एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख दिवंगत मंगला नारळीकर यांनी ती रीत मुलांच्या सोयीसाठी असल्याची बाजू मांडली होती. भाषेच्या अंगाने विरोधकांची हळहळ मला समजते, परंतु मुलाला येणाऱ्या अडचणीविषयी नारळीकर बरोबर होत्या. घरात यातून मध्यम मार्ग निघतो : शब्द आपलाच म्हणावा आणि लगेच तो सोडवून दाखवावा. ‘तेरा, म्हणजे दहा आणि तीन.’ ‘पंचवीस, वीस आणि पाच.’

आणि एका बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असे एकोणनव्वदपर्यंतचे आठ शब्द स्वतःच वजाबाकी आहेत. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. नव्याण्णव तेवढा या रांगेतून निसटला. सात वर्षांच्या मुलाला १६ + २९ करायचे असेल, तर शब्दच वाट दाखवतो : सोळा आणि तीस शेहेचाळीस, एक कमी, पंचेचाळीस.

डब्याच्या झाकणावर

सुरुवातीला जो पूल म्हटला, तो कसा बांधायचा? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्टिन ह्यूज यांच्या १९८६ च्या पुस्तकात याचे उत्तर मला सर्वांत स्वच्छ दिसते. त्यांनी लहान मुलांपुढे एकसारखे डबे ठेवले, प्रत्येकात वेगवेगळ्या संख्येचे ठोकळे. डबे बंद केल्यावर कोणत्यात किती हे कळावे म्हणून झाकणावरच्या कागदावर मुलांना हवी ती खूण करू दिली. कोणी रेघा मारल्या, कोणी ठोकळे काढले, कोणी आकडे लिहिले, आणि नंतर बहुतेकांनी आपापल्या खुणा वाचून डबा ओळखला. लिहिण्याचे कारण त्यांना मिळाले होते. त्याच पुस्तकातला दुसरा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. ठोकळ्यांत भर घातली किंवा काही काढले हे कागदावर दाखवायला सांगितले, तेव्हा शाळेत रोज + आणि − वापरणारी मुलेही ती चिन्हे स्वतःहून वापरत नव्हती. ती त्यांच्यासाठी वहीतली होती.

दिवाळीच्या लाडवांचा डबा यासाठी आयता आहे. झाकणावर कागद चिकटवावा आणि आत किती आहेत ते मुलाने स्वतःच्या पद्धतीने मांडावे, रेघा असोत की गोल. बाबांनी रात्री दोन खाल्ले, तर ते कागदावर कसे दाखवायचे, हेही त्यालाच ठरवू द्यावे. काही जण दोन गोल खोडतील, काही जण उघडे तोंड काढतील. असे चार-पाच दिवस गेल्यावर, आणि त्याआधी नव्हे, आपण त्या खुणेशेजारी ‘९ − २’ लिहावे आणि वाचून दाखवावे : नऊ वजा दोन. शाळेत यालाच ‘मायनस’ म्हणतात हेही सांगावे. मग झाकण उघडून आत सात आहेत का ते पाहावे. आठ निघाले, तर बाबांना विचारावे लागेल.